हाताखालची माणसे



एखाद्या घरचा मुलगा कारखान्यात सुपरवायझर झाला, की गावात लोक म्हणतात, “आता त्याच्या हाताखाली वीस माणसं आहेत.” सांगणाऱ्याच्या बोलण्यात कौतुक असते आणि मुलाच्या आईचा ऊर भरून येतो. त्यात वावगे काही नाही. पण आज मला त्या ‘हाताखाली’ या एका शब्दाविषयी आपल्याशी बोलायचे आहे. वीस माणसे हाताखाली आली म्हणजे नेमके काय हाताखाली आले? त्यांचे हात आले, त्यांचे आठ तास आले. त्यांची मने आली काय? मन कोणाच्या हाताखाली जात नाही. ते ओळखावे लागते. ज्याला वीस जणांकडून काम करून घ्यायचे आहे, त्याने ती मने कशी ओळखावी, आणि त्याआधी स्वतःचे मन कसे ओळखावे, हा आजचा विषय.

ज्या भागाला समोर ठेवून मी बोलणार आहे, तो आपल्या पुणे जिल्ह्यातलाच. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिन तयार करणारा सरकारी कारखाना स्थापन झाला. साठीच्या दशकात आकुर्डीस बजाज ऑटो आली आणि १९६६ पासून टेल्कोने तेथील माळरानावर पाय रोवले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही एकेकाळची गावे १९७० साली एका नगरपालिकेत आली आणि १९८२ साली तेथे महानगरपालिका झाली. मग कारखानदारी इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकली. ज्या चाकणला लोक कांद्याबटाट्याच्या बाजारासाठी जात, तेथे आता मोटारी, मोटारसायकली आणि त्यांचे हजारो सुटे भाग तयार होतात. आपल्यापैकी पुष्कळांची मुले, पुतणे, भाचे आज त्या कारखान्यांत पाळीवर जात असतील.

या बदलात एक गोष्ट फार लवकर घडली. शेतावर हुकूम कोण देई? बाप, चुलता, नाहीतर थोरला भाऊ. तो रागावला तरी संध्याकाळी एकाच ताटाशी बसे. लाईनवर हुकूम देणारा असतो तेवीस वर्षांचा डिप्लोमा झालेला मुलगा. त्याच्यासमोर उभा असतो पंचेचाळीस वर्षांचा माणूस. कदाचित त्याच जागेवर त्याची पूर्वी शेती होती, कदाचित तो मराठवाड्यातून किंवा बिहारातून आलेला आहे. मुलाला यंत्राचे शिक्षण मिळालेले आहे. माणसाचे शिक्षण त्याला कोणी दिले? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही. काल तो उत्तम काम करीत होता म्हणून आज त्याला इतरांवर नेमले, इतकेच. उत्तम औत धरणारा गडी उत्तम पाटील होईलच असे आपण मानत नाही. कारखान्यात मात्र तसे सर्रास मानले जाते.

या माणसाच्या शिक्षणाला अलीकडे एक भारदस्त नाव मिळाले आहे. इंग्रजीत ‘इमोशनल इंटेलिजन्स’ आणि मराठीत भावनिक बुद्धिमत्ता. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही कल्पना शास्त्रीय भाषेत मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ सालच्या पुस्तकाने ती जगभर पोचविली. गोलमन यांनी तिची पाच अंगे सांगितली आहेत. आपल्या मनात काय चालले आहे ते कळणे, ते आवरता येणे, कामाची आतून ओढ असणे, दुसऱ्याच्या मनातले उमगणे आणि माणसे जोडता येणे. आपली आजी हे सारे एका वाक्यात सांगत असे, “अरे, समोरच्याचं तोंड बघून बोलावं.” शास्त्रज्ञांनी एवढेच दाखविले, की हे ‘तोंड बघणे’ ज्याला जन्मतः येत नाही त्यालाही शिकता येते. यशाला बुद्धीपेक्षा हीच गोष्ट अधिक उपयोगी पडते, असा दावा काही लोक करतात. त्याविषयी विद्वानांत वाद आहे, आणि तेवढ्या मोठ्या दाव्याची आपल्याला गरजही नाही. ज्याला लेथ चालवता येत नाही त्याने नुसता गोड स्वभाव घेऊन लेथच्या खात्यावर नेमले जाऊ नये. आधी काम यावे, मग माणूस कळावा. माझे म्हणणे इतकेच, की दुसरे नसेल तर पहिले वाया जाते.

सुरुवात स्वतःपासून करू. समजा, सकाळच्या बैठकीत मॅनेजरने सुपरवायझरला झाडले. काल रिजेक्शन वाढले, माल परत आला. सुपरवायझर तसाच धुमसत लाईनवर येतो. जो पहिला समोर दिसेल, त्याच्या टोपीवरून, चपलेवरून, उभे राहण्यावरून तोफ सुटते. त्या माणसाला कळतच नाही की आपले चुकले काय. वड्याचे तेल वांग्यावर निघते. तो कामगार रात्री घरी जातो आणि ते तेल तेथे सांडते, बायकोवर किंवा शाळेत जाणाऱ्या पोरावर. गुरुजी, दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गात एखादा मुलगा विनाकारण हिरमुसलेला दिसतो, तेव्हा त्याचे मूळ कधीकधी दहा कोसांवरच्या एका बैठकीत असते.

अशा वेळी सुपरवायझरने काय करावे? राग गिळून हसत यावे काय? तसे खोटे हसू कोणालाही ओळखू येते. त्याने बैठकीच्या दारातच स्वतःला एक प्रश्न विचारावा, “मला आत्ता झालंय काय?” राग आला आहे, हे झाले वरवरचे उत्तर. त्याखाली बहुधा दुसरे काही असते. चारचौघांत बोलणी खाल्ल्यामुळे तो ओशाळला असेल, नोकरीची धास्ती वाटत असेल, किंवा रात्रपाळीने झोपच झाली नसेल. आपल्या मराठीत मनाच्या अवस्थांना किती नावे आहेत पाहा. हिरमोड, रुसवा, कुचंबणा, चिडचिड, घालमेल, हुरहूर, धास्ती, पश्चात्ताप. प्रत्येकाची जात निराळी आणि उतारही निराळा. धास्ती वाटत असेल तर मॅनेजरशी बोलावे, दमणूक असेल तर झोप काढावी. आपण सगळ्यांना मिळून ‘टेन्शन’ हा एकच शब्द लावतो, आणि मग उतारही सापडत नाही. ज्याला आपल्या भावनेचे नेमके नाव सांगता आले, त्याने तिच्या लगामाला हात घातला असे समजावे.

आता समोरच्या माणसाकडे वळू. समजा, दुसऱ्या पाळीला एक कामगार वीस मिनिटे उशिरा आला. एरवी तो कधी उशीर करीत नाही. एक सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणतो, “काय पाहुणे, सासुरवाडीला गेला होता वाटतं?” वीसजण हसतात. तो माणूसही हसतो. पण त्या दिवसापासून तो नेमून दिलेले काम करतो आणि त्याहून एक बोटभर अधिक करीत नाही. दुसरा सुपरवायझर त्याला चहाच्या सुट्टीत बाजूला घेतो आणि विचारतो, “काका, आज उशीर झाला. घरी सगळं ठीक ना?” तेव्हा कळते की म्हातारी आई दवाखान्यात आहे आणि तो सकाळपासून उपाशी आहे. आता लक्षात घ्या, उशीर दोन्ही ठिकाणी हजेरीपटावर लागला. दुसऱ्याने नियम सोडला नाही. त्याने फक्त माणसाची लाज राखली. शिस्त आणि माया यांचे वैर आहे असे पुष्कळांना वाटते. चांगल्या घरात दोन्ही एकत्र नांदतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे.

कोणी म्हणेल, “हे सगळं बरं आहे हो, पण कारखाना म्हणजे काही कीर्तन नव्हे. तिथं माल निघाला पाहिजे.” बरोबर आहे. म्हणूनच मी आता मालाकडे आणि माणसाच्या बोटांकडे वळतो.

पत्र्याला आकार देणारा प्रेस आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे एकाच वेळी दाबली, तरच वरचा भार खाली येतो. हेतू हा, की तेवढ्या वेळात हात यंत्राच्या तोंडात असू नयेत. काम झपाट्याने उरकावे म्हणून कोणी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतो. कुठे हात पुढे येताच यंत्र थांबविणारा सेन्सर बिघडलेला असतो आणि दुरुस्ती उद्यावर ढकललेली असते. सुट्या भागांच्या कारखान्यांत अशाच रीतीने बोटे जातात. आणि बोट गेले की ते माघारी येत नाही. सेन्सर बिघडला आहे हे तेथे कोणालाच ठाऊक नसते काय? त्या यंत्रावर उभ्या असणाऱ्या माणसाला ते बहुधा ठाऊक असते. पण मागच्या आठवड्यात एकाने सांगितले, तेव्हा त्याला उत्तर मिळाले होते, “तुला काम करायचं नाही का?” त्यानंतर कोणी बोलत नाही. ठेकेदाराकडून आलेला कामगार तर मुळीच बोलत नाही. त्याला उद्या गेटवरूनच परत पाठवतील ही भीती असते. सुपरवायझरच्या एका वाक्याची किंमत अशी असते.

यावर अमेरिकेत एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी एक अभ्यास केला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयात औषधे देताना चुका होतात. ज्या विभागात कामाचे वातावरण चांगले आणि प्रमुख परिचारिका समजूतदार, तेथे चुका कमी होत असतील, असा त्यांचा अंदाज होता. नोंदी पाहिल्या तर उलटेच दिसले. चांगल्या विभागांत चुकांची संख्या जास्त! बाई प्रथम चकित झाल्या. मग त्यांच्या ध्यानात आले, की तेथे चुका जास्त होतात असे नव्हे, तेथे त्या जास्त सांगितल्या जातात. कडक प्रमुखाच्या विभागात चुका होत होत्या, पण त्या पदराखाली झाकल्या जात होत्या. झाकलेली चूक सुधारणार कोण? ज्या खात्यात “आमच्याकडे काही तक्रार नाही” असे अभिमानाने सांगतात, तेथील वरिष्ठाने जरा कान टवकारावेत. शांतता दोन प्रकारची असते, समाधानाची आणि भीतीची. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात.

हे ओळखण्याची एक फार सुंदर रीत आपल्या जवळच आहे. या सगळ्या कारखानी पट्ट्याच्या एका अंगाला देहू आहे आणि दुसऱ्या अंगाला आळंदी. तुकोबांची पालखी तर देहूहून निघाल्यावर आकुर्डीस मुक्काम करते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरपर्यंत जे चालले असतील, त्यांनी संध्याकाळची समाजआरती पाहिली असेल. तळावर सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळमृदंगांचा एकच गजर चालू असतो. मग चोपदार हातातला चोप उंच करतात आणि हजारो माणसांचा तो समुदाय क्षणात शांत होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती शांत होत नाही. ती आपले टाळ वाजवीतच राहते. कोणाचे पाणी आले नसेल, कोणाला चालण्याच्या क्रमात अडचण आली असेल. चोपदार त्या दिंडीकडे जातात, म्हणणे ऐकतात, त्याचा निवाडा होतो. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, आणि मग आरती होते.

मंडळी, या व्यवस्थेतले मर्म ध्यानात घ्या. टाळ वाजवीत राहणे हा तेथे उद्धटपणा मानला जात नाही. तो त्या दिंडीचा हक्कच आहे. तक्रार त्याच संध्याकाळी ऐकली जाते, ती पंढरपूरपर्यंत साठत जात नाही. आणि ऐकणारा स्वतः चालत तक्रारवाल्याकडे जातो.

जपानात टोयोटाच्या कारखान्यांनी हीच गोष्ट यंत्राच्या भाषेत आणली. तेथे लाईनवरच्या साध्या कामगारालाही काही बिघाड दिसला तर दोरी ओढता येते. दिवा लागतो, प्रमुख धावत येतो, आणि गरज पडली तर सगळी लाईन थांबते. असे लाल-पिवळे-हिरवे दिवे आता आपल्याकडच्या मोठ्या कारखान्यांतही बसले आहेत. पण दिवा बसविणे सोपे आहे. दिवा लावल्यावर धावत येणारा माणूस “काय झालं?” असे विचारतो, की “कोणी लावला रे?” असे विचारतो, त्यावर सारे अवलंबून असते. दुसऱ्या प्रश्नानंतर दिवा पुन्हा लागत नाही.

टाळ वेळेवर ऐकले नाहीत म्हणजे काय होते, याची उदाहरणे याच भूमीत आहेत. ती मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते आणि त्याचा निवाडा करणे माझे काम नव्हे.

पहिले उदाहरण टेल्कोचे. पुढे तिचे नाव टाटा मोटर्स झाले. माणसांचा विचार या घराण्याला नवा नव्हता. जे. आर. डी. टाटा यांनी १९४३ साली जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यासंबंधी एक टिपण लिहिले होते. त्याचा भावार्थ असा, की आपल्याकडे तीस हजार यंत्रे असती तर त्यांची निगा राखण्यासाठी आपण एक स्वतंत्र खाते उघडले असते. परंतु ज्यांना स्वतःचे मन आहे अशी तीस हजार माणसे मात्र आपली काळजी आपणच घेतील, असे आपण धरून चाललो. पुढे १९४७ साली तेथे कामगारांसाठी वेगळे खाते निघाले. पुण्याच्या टेल्कोतही सुमंत मुळगावकरांनी आधी शिकाऊ मुलांच्या प्रशिक्षणाची सोय उभी केली आणि उजाड माळावर झाडे लावली. इतके असूनही १९८८-८९ मध्ये तेथे राजन नायर यांची कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात वाद पेटला. मारहाणीचे प्रकार झाले. व्यवस्थापनाने दुसऱ्या संघटनेशी करार केला. सप्टेंबर १९८९ मध्ये हजारो कामगार पुण्यात शनिवारवाड्यासमोर उपोषणास बसले, आणि महिनाअखेरीस पोलिसांनी त्यांना रातोरात तेथून हलविले. रतन टाटा त्या वेळी टेल्कोचे अध्यक्ष होऊन वर्षही झाले नव्हते. कंपनीने कदाचित कामगारांना गृहीत धरले, त्यांच्यासाठी सगळे काही करीत आहोत असे समजत राहिलो आणि तसे ते नसावे, अशा आशयाचे उद्गार पुढे त्यांनीच काढले. ‘गृहीत धरणे’ हे शब्द विसरू नका. मागच्या पिढीने मिळविलेली पुण्याई पुढच्या पिढीला काही दिवस पुरते. ती रोज नव्याने मिळवावी लागते. झाडांची सावली आहे म्हणून विचारपूस थांबवून चालत नाही.

दुसरे उदाहरण चाकणचे. २५ जून २०१३ रोजी बजाज ऑटोच्या तेथील कारखान्यात संप सुरू झाला आणि तो सुमारे पन्नास दिवस चालला. वेतनवाढ, निलंबित कामगारांना परत घेणे अशा मागण्या होत्या. त्यांत एक आगळी मागणीही होती. प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर प्रत्येकी एक रुपया दराने द्यावेत. कंपनीने ती मानली नाही, आणि ऑगस्टमध्ये मागण्या पदरात न पडताच कामगार कामावर परतले. हिशेबाच्या वहीत पाहिले तर शेअरची मागणी म्हणजे एक रक्कम, आणि ती नाकारण्यास कंपनीजवळ तिची कारणे होती. पण मला त्या मागणीत आणखी काही ऐकू येते. “हा कारखाना थोडा आमचाही आहे, असं कधी म्हणाल का?” रकमेला नकार देता येतो. या प्रश्नाचे उत्तर मात्र देत राहावे लागते. आणि ते मोठ्या साहेबांच्या वर्षातून एकदा होणाऱ्या भाषणात देता येत नाही. रोज लाईनवर उभ्या असणाऱ्या लहान साहेबाच्या बोलण्याचालण्यात ते दिले जाते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. भावना ओळखण्याची ही विद्या दुधारी आहे. जो मन ओळखतो तो मनाला फसवूही शकतो. पगार थकला आहे, जादा तासांचे पैसे मिळत नाहीत, आणि सुपरवायझर मात्र खांद्यावर हात ठेवून “आपण सगळे एका घरातले” असे म्हणतो, तर ते ढोंग होय. गोड शब्द पगाराच्या जागी चालत नाहीत. वीसपासून पुढे कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती असावी, असे कायदा सांगतो. ती समिती, संघटना, वेतनाचा करार, यंत्रावरचे संरक्षण ही सगळी हाडे आहेत. मनाची जाण म्हणजे त्या हाडांतले रक्त. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही.

आता चाकणचीच एक जुनी गोष्ट. तेथील संग्रामदुर्ग हा भुईकोट किल्ला. १६६० साली शायिस्ताखान मोठी फौज घेऊन त्यावर चालून आला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर शिबंदी. मंडळींनी सुमारे पावणेदोन महिने किल्ला झुंजविला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला द्यावा लागला. खानाने फिरंगोजींचे शौर्य पाहून त्यांना आपल्या चाकरीत घेऊ केले. त्यांनी ते नाकारले आणि ते शिवाजी महाराजांकडे गेले. किल्ला हातचा गेला होता. ‘टार्गेट’ पुरे झाले नव्हते, असे आजच्या भाषेत म्हणता येईल. महाराजांनी काय केले? त्यांनी फिरंगोजींचा गौरव केला आणि पुढे त्यांना भूपाळगडाची किल्लेदारी दिली, असे इतिहास सांगतो. निष्काळजीपणाने झालेले नुकसान आणि शर्थ करूनही आलेले अपयश यांतला फरक ज्या नायकाला कळतो, त्याच्यासाठी माणसे दुसऱ्यांदा शर्थ करतात. दोहोंना एकाच शिव्या देणाऱ्याला शर्थ करणारी माणसे मिळत नाहीत. त्याच्याकडे उरतात ती कारणे सांगणारी माणसे.

शेवटी मी शिक्षक बंधुभगिनींकडे वळतो, कारण या विद्येचा पहिला कारखाना आपली शाळा आहे. वर्गनायक आठवा. मुलाच्या आयुष्यातले ते पहिले अधिकारपद. आपण बाहेर जाताना त्याला काय सांगतो? “जो बोलेल त्याचं नाव फळ्यावर लिही.” झाले! नायक म्हणजे नावे लिहिणारा, हा धडा दहाव्या वर्षी पक्का झाला. हाच मुलगा तेविसाव्या वर्षी लाईनवर जातो आणि तेथेही नावेच लिहितो. त्याऐवजी त्याला असे सांगून पाहा, “मी येईपर्यंत बघ, कुणाचं गणित अडलंय, कुणाकडे पेन्सिल नाही, कोण एकटं बसलंय. मला येऊन सांग.” काम तेच, वर्ग सांभाळण्याचे. पण या मुलाच्या नजरेला निराळे वळण लागेल. आठवड्याला नायक बदलावा, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही बाजू कळतील. आणि एखादा मुलगा स्वतः होऊन “गुरुजी, माझं चुकलं” असे सांगेल, त्या दिवशी त्याला छडी मिळते की शाबासकी, यावरून पुढे तो प्रेसचा बिघडलेला सेन्सर सांगणार की लपविणार, हे ठरत असते.

घरच्या वडीलधाऱ्या मंडळींनाही एक विनंती. बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळतो. बैलाचा खांदा सुजला तर डोळ्यांना दिसतो. माणसाचा सुजलेला खांदा दिसत नाही, विचारावा लागतो. मुलगा पाळीवरून घरी येतो तेव्हा आपण विचारतो, “ओव्हरटाइम किती झाला?” तो सुपरवायझर असेल तर विचारतो, “हाताखाली किती माणसं?” यापुढे आणखी एक प्रश्न विचारून पाहा, “तुझ्या त्या माणसांपैकी आज कोण गप्प होतं रे?” त्याला उत्तर देता आले, तर समजावे की मुलगा खरोखरीच साहेब झाला. देता आले नाही तरी हरकत नाही. उद्या लाईनवर गेल्यावर तो त्या वीस तोंडांकडे एकदा नीट पाहील.